रांगत नाही, बोलत नाही, वजन भरत नाही : तुमचे प्रश्न

या अंकासाठी "बाळाची वाढ" एवढाच विषय सांगून प्रश्न मागवले होते आणि आलेल्या बहुतेक पत्रांची सुरुवात एकाच वाक्याने झालीये, "शेजारचं बाळ तर आमच्यापेक्षा लहान, पण..." पत्रं थोडी काटछाट करून, नावं काढून देतेय. आधीच एक सांगते, पत्र वाचून बाळ तपासता येत नाही. जिथे दाखवायला हवं तिथे "दाखवा" असं सरळ लिहिलंय, तिथे पुढच्या अंकाची वाट बघू नका.

प्रश्न : मॅडम नमस्कार, माझी मुलगी साडेनऊ महिन्यांची आहे. छान बसते, हसते, खेळते पण रांगत नाही. पोटावर ठेवलं की रडून घर डोक्यावर घेते. बसल्या बसल्या ढुंगणावर सरकत मात्र हॉलमधून किचनपर्यंत येते. माझ्या जाऊबाईंचा मुलगा दहाव्या महिन्यात धरून चालत होता त्यामुळे घरात रोज हाच विषय. सासूबाई म्हणतात वॉकर आणा, पायात बळ येईल. मी रात्री मोबाइलवर वाचत बसते आणि जेवढं वाचते तेवढी भीती वाढते. काही प्रॉब्लेम असेल का?
— एक आई, गोडोली, सातारा

उत्तर : ताई, तिला किचनमध्ये यायचं असतं आणि ती येते, हे मला रांगण्यापेक्षा जास्त महत्त्वाचं वाटतं. कुठेतरी जायचं मनात येणं आणि त्यासाठी अंग हलवून तिथे पोचणं, एवढं जमलं की कुठल्या पद्धतीने पोचली हा नंतरचा प्रश्न. जागतिक आरोग्य संघटनेने पाच देशांतल्या निरोगी बाळांचा अभ्यास करून २००६ मध्ये आकडे दिले, त्यात आपल्या दिल्लीची बाळंही होती. आधाराशिवाय बसणं साधारण ४ ते ९ महिने, हात-गुडघ्यांवर रांगणं ५ ते साडेतेरा महिने, आणि एकट्याने चालणं ८ ते साडेसतरा महिने. बघा केवढी मोठी रेंज आहे, तुमच्या जाऊबाईंचा मुलगा आणि तुमची मुलगी दोघंही तिच्यात आरामात बसतात. त्यात शंभरातली चारेक बाळं अशी होती की ती हात-गुडघ्यांवर रांगलीच नाहीत, डायरेक्ट उभी राहिली. अमेरिकेत २०२२ मध्ये बाळाने कधी काय करायला हवं याची सरकारी यादी सुधारली तेव्हा रांगणं त्यातून काढूनच टाकलं.

ढुंगणावर सरकणारी बाळं चालायला जरा उशीर करतात हे मात्र खरं, आणि बऱ्याचदा घरात आधी कुणीतरी असंच सरकलेलं असतं. सासूबाईंनाच विचारा, तुमच्या मिस्टरांबद्दल काहीतरी निघेल बघा.

मी समोर असते तर वेगळंच बघितलं असतं. सरकताना दोन्ही पाय सारखे चालतात का एक पाय नुसता ओढला जातो? खेळणं घ्यायला दोन्ही हात पुढे येतात का नेहमी उजवाच? वर्षाच्या आत बाळ ठरवून एकच हात वापरत असेल तर आपण "डावखुरी होणार वाटतं" म्हणून हसतो, पण ते दाखवण्यासारखं असतं, कारण दुसरी बाजू कमजोर असू शकते. लंगोट बदलताना पाय ताठ होऊन कात्रीसारखे एकमेकांवर येतात का, किंवा एक मांडी नीट उघडत नाही का, हेही बघा. यातलं काही असेल तर याच आठवड्यात बालरोगतज्ज्ञांकडे जा. काही नसेल तर धरून उभं राहण्यासाठी वर्षापर्यंत आणि एकटं चालण्यासाठी १८ महिन्यांपर्यंत निवांत राहा, त्यानंतर मात्र "होईल होईल" करत बसू नका.

वॉकर नको. अजिबात नको. त्यात बाळ चवड्यांवर ढकलत राहतं, तोल सांभाळायची गरजच पडत नाही त्यामुळे चालणं लवकर येत नाही, उलट लांबू शकतं. शिवाय पायऱ्या, गॅसजवळची गरम भांडी, टेबलावरचा चहा या सगळ्यापर्यंत ते सेकंदात पोचतं. कॅनडाने तर २००४ पासून बेबी वॉकर विकायलाच बंदी घातली. सासूबाईंना काही आणायचंच असेल तर जुना लाकडी पांगुळगाडा आणायला सांगा, पण मुलगी स्वतःहून धरून उभी राहायला लागल्यावर. तो बाळ स्वतः ढकलतं, स्वतः तोल सांभाळतं. तोपर्यंत सतरंजी अंथरून खाली सोडा, मोजे काढा कारण टाइल्सवर पाय सटकतात, छातीखाली टॉवेलची गुंडाळी द्या आणि स्टीलची चकचकीत वाटी हाताच्या जरा पलीकडे ठेवा. रडली तर उचला, थोड्या वेळाने परत ठेवा. आणि रात्री झोपा हो.

प्रश्न : आमचा मुलगा ३२ आठवड्यांतच झाला, वजन १ किलो ६०० ग्रॅम, काचेच्या पेटीत होता. आता सात महिने पूर्ण झाले. मान धरतो, पालथा पडतो पण बसवला की पुढे कलंडतो. त्याच दिवशी जन्मलेली आमच्या गल्लीतली मुलगी मस्त बसते. आम्ही कुठे कमी पडतोय का?
— फलटण

उत्तर : तुम्ही चुकीच्या तारखेपासून मोजताय. पूर्ण दिवस ४० आठवड्यांचे, तुमचा मुलगा ३२ ला आला म्हणजे ८ आठवडे आधी. हे दोन महिने वजा करा, म्हणजे तो विकासाच्या हिशोबाने पाचच महिन्यांचा आहे, आणि पाच महिन्यांच्या बाळाने मान धरून पालथं पडणं एकदम बरोबर आहे. दोन वर्षांपर्यंत असंच वजा करून बघायचं, वजनाचा तक्तासुद्धा. लस मात्र जन्मतारखेप्रमाणेच, ती लांबवायची नाही. कार्डावर पेनाने मोठ्या अक्षरात "दोन महिने वजा" असं लिहून ठेवा म्हणजे दर वेळी नव्या माणसाला समजावत बसावं लागणार नाही.

पण वजाबाकी केली म्हणून सगळंच माफ होत नाही. मुठी सारख्या घट्ट मिटलेल्या, अंग कडक, नजर वस्तूमागे फिरत नाही, असं काही असेल तर लगेच दाखवा. आणि डिस्चार्ज कार्ड काढून दोन गोष्टी शोधा. एक, डोळ्याच्या पडद्याची तपासणी, जिला आरओपी म्हणतात. २ किलोच्या आत किंवा ३४ आठवड्यांच्या आत जन्मलेल्या बाळाची ती पहिल्या महिन्याभरातच व्हायला हवी असते आणि पडदा पूर्ण तयार होईपर्यंत परत परत बोलावतात. दोन, कानाची तपासणी, पेटीत राहिलेल्या बाळाची ती आवर्जून करायची असते. यातलं एकही कार्डावर सापडलं नाही तर बसण्याची चिंता बाजूला ठेवा आणि आधी ते करून घ्या.

प्रश्न : मॅडम आमची द्राक्षबाग आहे, एकत्र घर आहे. मुलगा २२ महिन्यांचा झाला, एकही शब्द नाही, आई पण म्हणत नाही. काही पाहिजे असलं की माझा हात धरून फ्रिजपाशी नेतो. नावाने हाक मारली तर बघत नाही पण मोबाइलवर गाणं लागलं की माडीवरून पळत येतो त्यामुळे सगळे म्हणतात कान चांगले आहेत, नाटक करतो. सासरे म्हणतात ह्याचा बाप पण तीन वर्षांनी बोलला, आपल्या घरात पोरं उशिराच बोलतात. खरं सांगते छाटणीच्या दिवसात कामाच्या गडबडीत मोबाइल देतो, दोन-तीन तास तरी होतो. एका डॉक्टरांना विचारलं ते म्हणाले दोन वर्षं होऊ द्या. थांबू का?
— तासगाव

उत्तर : नाही, थांबू नका.

घाबरवायचं म्हणून म्हणत नाहीये. रांगण्याच्या पत्राला मी धीर धरा म्हटलं, इथे म्हणत नाही, आणि आपल्याकडे नेमकं उलटं चालतं, दात आणि रांगण्यासाठी लोक तीन-तीन दवाखाने फिरतात आणि बोलण्याबाबत मात्र घराण्याचा इतिहास काढून बसतात.

शब्द नाहीत हे तर आहेच, १६ महिन्यांपर्यंत एखाद-दुसरा अर्थाचा शब्द नसेल तर दाखवायचं असतं. पण तुमच्या पत्रात मला शब्दांपेक्षा दुसरंच जास्त दिसलं, तो तुमचा हात धरून नेतो, आणि हाकेला वळत नाही. तुमच्या दारावरून ट्रॅक्टर जातो तेव्हा काय करतो ते नीट बघा. दीड वर्षाचं बाळ सहसा ट्रॅक्टर दिसला की बोट दाखवतं आणि लगेच मागे वळून तुमच्या तोंडाकडे बघतं, तुम्ही पण बघितलात ना, अशा अर्थाने. त्याला ट्रॅक्टर पाहिजे नसतो, तुम्हाला दाखवायचा असतो. हे दाखवणं म्हणजे बोलण्याच्या आधीचं बोलणं. तुमचा मुलगा बोट दाखवत नसेल, बाय-बाय करत नसेल, तुमच्याकडे बघून हसून परत खेळाकडे वळणं असं काही होत नसेल तर एकेक दिवस मोलाचा आहे. आणि हे सगळं तो करत असेल, फक्त शब्द नसतील, तर चित्र बरंच हलकं आहे, तरी कान तपासायचेच.

सासऱ्यांचं म्हणणं मी उडवून लावणार नाही, उशिरा बोलणं काही घरांत असतं खरं. पण त्यांना एवढंच विचारा, दोन वर्षांचा असताना तुमचा मुलगा बोट करून दाखवायचा का, सांगितलेलं समजायचं का, "चप्पल आण" म्हटलं की आणायचा का? कधी बोलला ते घरात सगळ्यांना आठवतं, कधी बोट दाखवलं ते कुणालाच आठवत नाही.

आता कान. गाण्याला पळत येतो म्हणजे ऐकू येतं हे अर्धंच खरं. काही मुलांना जाड, ठोक्याचे आवाज ऐकू येतात आणि स, श, फ असे बारीक आवाज येत नाहीत, त्यामुळे ढोल वाजला की वळतात आणि शब्द मात्र त्यांना तुटक ऐकू येतात. वारंवार सर्दी होऊन कानाच्या पडद्यामागे पाणी साठलेलं असलं तरी असं होतं. म्हणून घरी ताट वाजवून केलेली परीक्षा धरायची नाही. ओएई आणि बेरा अशा दोन तपासण्या असतात, दुखत नाहीत, बेरा तर मूल झोपलेलं असताना डोक्याला पट्ट्या चिकटवून करतात. कानाच्या डॉक्टरांकडे सांगली-मिरजेत चौकशी करा, जाताना त्याची झोप शिल्लक ठेवून न्या नाहीतर तो तिथे जागाच राहील आणि तुमची फेरी फुकट.

पैशांचा विषय पत्रात नाही पण लिहिते. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम, आरबीएसके म्हणतात तो, २०१३ च्या फेब्रुवारीत आपल्याच राज्यातल्या पालघरपासून सुरू झाला. जन्मापासून १८ वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी आहे आणि त्यात जन्मजात व्यंग, कमतरता, आजार यांच्याबरोबर विकासातला उशीर हा वेगळा मुद्दा धरलाय. त्यांची गाडी वर्षातून दोनदा अंगणवाडीत येते, पण तुम्ही गाडीची वाट बघू नका. आशाताईंना किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात सांगून जिल्ह्याच्या डीईआयसी केंद्रासाठी चिठ्ठी घ्या, तिथे बालरोगतज्ज्ञ, स्पीच थेरपी, फिजिओ हे एकाच छताखाली मिळावं अशी ती योजना आहे आणि ते मोफत आहे.

तिथे किंवा खासगीत तुम्हाला एम-चॅट नावाची वीस प्रश्नांची यादी भरायला देतील. १६ ते ३० महिन्यांच्या मुलांसाठी ती असते, स्वमग्नतेचा धोका आहे का हे चाळून बघायला. तो शब्द ऐकून धसका घेऊ नका, चाळणीत अडकलं म्हणजे निदान झालं असं नाही. बालरोगतज्ज्ञांची आपली राष्ट्रीय संघटनाच १८ आणि २४ महिन्यांना सगळ्याच मुलांची अशी चाळणी करा म्हणते. निदान काहीही निघो न निघो, थेरपी आजपासून सुरू करता येते, त्यासाठी आजाराचं नाव ठरायची वाट बघायची नसते.

मोबाइल. दोन वर्षांच्या आत स्क्रीन नको, मावशी-आजीचा व्हिडिओ कॉल तेवढा चालतो, असं तीच संघटना सांगते. मोबाइलमुळेच हे झालं असं मी म्हणणार नाही, तेवढं सोपं नसतं आणि तुमच्या डोक्यावर आधीच पुरेसं ओझं आहे. पण ते दोन-तीन तास परत घ्या. छाटणीच्या दिवसात ते अवघड आहे हे कळतंय मला, म्हणून वेगळा वेळ काढा असं म्हणत नाही. भाजी निवडताना त्याला समोर बसवा, मटाराची शेंग त्याच्या तोंडासमोर धरा, "शेंग... उघडू?" म्हणा आणि थांबा, मनात दहापर्यंत मोजून थांबा. तो बघेल, हात पुढे करेल, काहीतरी आवाज काढेल, तेच उत्तर समजून शेंग उघडा. "आई म्हण, आई म्हण" असं मागे लागू नका, घरातल्या सगळ्यांना सांगा हे, परीक्षा घेतली की ही मुलं आणखी मिटतात.

त्या डॉक्टरांशी भांडायला नको. त्यांना म्हणावं कान आणि एम-चॅट दोन्ही करून घ्यायचंय, चिठ्ठी द्या. सोबत दोन मिनिटांचे दोन व्हिडिओ न्या, एकात तुम्ही हाक मारताय, एकात तो एकटा खेळतोय. दवाखान्यात मूल एकतर रडतं नाहीतर दगडासारखं बसतं, व्हिडिओमध्ये खरं दिसतं.

प्रश्न : डॉक्टर, मी आजी आहे, सांगलीत विश्रामबागला राहते. मुलगी-जावई इंग्लंडमध्ये, नातू दहा महिन्यांचा. तिकडे हेल्थ व्हिजिटर म्हणून बाई असतात त्यांनी तपासणी केली आणि एका फॉर्मवर नातवाला हाताच्या कामात कमी मार्क पडले, राखाडी पट्ट्यात आला म्हणे. दोन महिन्यांनी परत बघू म्हणाल्या. मुलगी व्हिडिओ कॉलवर रडत होती. दहा महिन्यांच्या लेकराची कसली परीक्षा? आमच्या वेळी असलं काही नव्हतं.
— सांगली

उत्तर : काकू, नातू नापास झालेला नाही. इंग्लंडमध्ये ही हेल्थ व्हिजिटर म्हणजे जास्तीचं शिक्षण घेतलेली नर्स किंवा सुईण असते. गरोदरपणात, जन्मानंतर १० ते १४ दिवसांनी, ६ ते ८ आठवड्यांनी, मग ९ ते १२ महिन्यांच्या दरम्यान आणि २ ते अडीच वर्षांना अशा ठरलेल्या पाच भेटी तिकडे प्रत्येक बाळाच्या होतात. त्यात आईनेच भरायचा एएसक्यू नावाचा फॉर्म असतो. बोलणं, मोठ्या हालचाली, हाताची बारीक कामं, अडचण सोडवणं आणि लोकांशी वागणं असे पाच भाग, प्रत्येकात सहा प्रश्न. "हो" ला १०, "कधी कधी" ला ५, "अजून नाही" ला ०. बेरीज पांढऱ्या पट्ट्यात आली तर ठीक, राखाडीत आली तर सराव करून परत बघू, काळ्यात आली तर पुढे तज्ज्ञांकडे. नातू राखाडीत म्हणजे "परत बघू", आणि त्या बाईंनीही तेच सांगितलंय.

मुलीला एक विचारा, बाळाला जेवायला काय देते? कारण या वयाच्या फॉर्ममध्ये बाळ बारीक तुकडा बोटांनी उचलतं का असं विचारलेलं असतं, आणि घशात अडकेल या भीतीने सगळं मिक्सरमधून काढून चमच्याने भरवणाऱ्या आया खूप आहेत. त्या बाळाने चिमटीत धरावं असं त्याच्यासमोर कधी काही आलेलंच नसतं. मग आई प्रामाणिकपणे "अजून नाही" वर टिक करते. जमत नाही आणि करून बघितलं नाही यातला फरक फॉर्मला कळत नाही. खुर्चीत सरळ बसवून ताटलीत मऊ भाताची चार शितं टाका म्हणावं, समोर बसून राहा. आधी बाळ अख्ख्या पंजाने सारवेल, शितं कपाळाला लावेल, मग काही दिवसांनी अंगठा आणि पहिलं बोट एकत्र येऊन एकच शीत उचललं जाईल. ते बघायला तुम्ही व्हिडिओ कॉल लावा. दोन महिन्यांतही तसं झालं नाही तर त्या पुढचं बघतीलच, त्यासाठीच तर ही भेट.

आमच्या वेळी नव्हतं म्हणालात, तर तुमच्या मुलीच्या वेळीही आपल्या देशात यावर काम चालू होतं. प्रमिला फाटक यांनी बडोद्यातल्या बाळांवरून आपल्या मुलांसाठीची विकासाची मोजपट्टी तयार केली, डीएएसआयआय नावाने ती आजही आपल्याकडे वापरतात. आणि इथे सांगलीत बाळ झालं तरी आशाताई घरी येतातच, दवाखान्यात बाळंतपण झालं असेल तर ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी, नंतर ३, ६, ९, १२, १५ महिन्यांना. कुठे त्या येतात आणि नीट बघतात, कुठे उंबऱ्यावरूनच सही घेऊन जातात हा भाग वेगळा. तुमच्या शेजारी नवं बाळंतपण झालं असेल तर त्यांना आत बोलवायला सांगा.

प्रश्न : मुलगी ११ महिन्यांची, अंगणवाडीत वजन ६ किलो ७०० भरलं. ताईंनी कार्डावर पिवळ्यात टिंब दिलं. आठव्या महिन्यात ६ किलो ६०० होतं. सगळे म्हणतात बारीक अंगाची आहे, आई पण बारीकच आहे. ती वरण-भाताचं पाणी, बिस्किट खाते, अंगावर पिते.
— माण तालुका

उत्तर : अंगणवाडी ताईंनी बरोबर केलं, पिवळं म्हणजे वयाच्या मानाने वजन कमी. बारीक अंगाचं बाळ वेगळं, त्याची कार्डावरची वजनाची रेघ खालून चालते पण वर वर चढत राहते. तुमच्या मुलीची रेघ तीन महिने आडवी झालीये, तीन महिन्यांत शंभर ग्रॅम म्हणजे जवळपास काहीच नाही. पिवळ्या रंगापेक्षा मला ही आडवी रेघ खुपते.

कारण बहुतेक तुमच्याच पत्रात आहे. वरणाचं पाणी! डाळ खाली राहते आणि बाळाच्या पोटात पिवळं पाणी जातं, पोट भरतं आणि ताकद येत नाही. चमच्यावरून ओघळणार नाही एवढं घट्ट द्या. मऊ भात आणि घोटलेली डाळ, वर चमचाभर तूप किंवा तेल, भाकरी दुधात नाहीतर आमटीत कुस्करून, शेंगदाण्याचं बारीक कूट, अंडं, केळं, दिवसातून तीन-चार वेळा अर्धी ते पाऊण वाटी, आणि अंगावरचं दूध चालूच. बिस्किट बंद, त्याने भूक मरते. मध वर्षाच्या आत नको. ६ महिन्यांपासून आठवड्यातून दोनदा १ मिली लोहाचं सिरप सरकारी यंत्रणेतून मिळतं, ते देताय का बघा, लोह कमी पडलं की भूक आणि खेळणं दोन्ही मंदावतं. ताईंना दंडाचा घेर मोजायला सांगा, साडेबारा सेंटिमीटरच्या खाली असेल तर लक्ष द्यायचं, साडेअकराच्या खाली असेल तर त्याच दिवशी दवाखाना. महिन्याने त्याच काट्यावर, कपडे काढून परत वजन. तेव्हाही रेघ आडवीच राहिली तर नुसतं खाणं वाढवून भागणार नाही, रक्त-लघवी तपासावी लागेल.

थोडक्यात

मिरज, १३ महिने, एकही दात नाही : १८ महिन्यांपर्यंत थांबा, बाकी सगळं ठीक असेल तर काही करायचं नाही. मऊ खाणं हिरड्यांनी चावता येतं, दात नाहीत म्हणून पेजेवर ठेवू नका.

वाई, ११ महिने, टाळू भरली नाही : १८ महिन्यांपर्यंत भरते. तेल थापल्याने लवकर भरत नाही. फुगलेली किंवा खोल गेलेली दिसली तर दाखवा.

कराड, १६ महिने, आधी मम्मा, भूभू, दे म्हणायची, महिन्याभरापासून सगळं बंद, बाय-बाय पण करत नाही : याच आठवड्यात बालरोगतज्ज्ञांकडे. येत असलेली गोष्ट गेली तर कुठल्याही वयात वाट बघायची नसते. पाहुणे येऊन गेले, जागा बदलली, दृष्ट लागली, असलं कारण शोधत बसू नका.

प्रश्न : मॅडम मी वडील म्हणून लिहितोय. बाळ पाच महिन्यांचं, दोन डॉक्टरांनी एकदम छान आहे सांगितलं. पण मिसेस रात्री चार-चार वेळा उठून श्वास चालू आहे का बघते, किती मिनिटं प्यायलं, किती वेळा शी केली, कधी पालथं पडलं सगळं वहीत लिहिते, बाळ झोपलं तरी ती झोपत नाही, मधेच रडते, म्हणते मला जमत नाहीये. आई म्हणते पहिलटकरणीचं असंच असतं. मी सारखं सांगतो काही होत नाही गं, तरी पटत नाही.
— इस्लामपूर

उत्तर : दादा, बरं झालं लिहिलंत. "काही होत नाही गं" हे आजपासून बंद करा, त्याने तिला एवढंच कळतं की तुम्हाला कळत नाहीये.

बाळंतपणानंतर काळजी सगळ्यांनाच वाटते, पण बाळ झोपलेलं असतानाही झोप न लागणं, रडणं, जमत नाही असं वाटणं दोन आठवड्यांपेक्षा जास्त चाललं तर ते पहिलटकरणीचं कौतुक नसतं, आजार असू शकतो आणि त्यावर उपचार आहेत, अंगावर पाजत असतानाही देता येतील अशी औषधं आहेत. बाळंतपणानंतर वर्षभरात कधीही सुरू होतो. तिच्या बाळंतपणाच्या डॉक्टरांना किंवा मानसोपचारतज्ज्ञांना दाखवा. लगेच जाणं जमत नसेल तर १४४१६ हा टेली-मानस नंबर आहे, सरकारी, मोफत, चोवीस तास, मराठीत बोलता येतं. तिच्या तोंडून कधी "मी नसलेली बरी" किंवा बाळाला काही करेन असं निघालं तर तिला एकटं सोडू नका आणि त्याच दिवशी दवाखान्यात न्या, तुमच्या आईंना काय वाटेल याचा विचार नंतर.

तोपर्यंत घरात एक करा. रात्री शेवटचं पाजून झालं की बाळ तुमच्या खोलीत, तुमच्या ताब्यात, भूक लागेल तेव्हाच तिच्याकडे. श्वास तुम्ही बघताय हे तिला माहीत असलं की सलग चार तास तरी डोळा लागेल. सुरुवातीला ती उठून येईल, येऊ दे, चिडू नका. पुढच्या लसीला सुट्टी टाकून तुम्ही सोबत जा, प्रश्न तुम्ही विचारा. आणि ती वही फेकू नका, तिची टिंगल तर मुळीच नको. बाळाच्या डॉक्टरांनी ती बघितली असेल, आता तिच्या डॉक्टरांना दाखवा. रात्री दोन वाजता, तीन वाजता, साडेचारला घातलेल्या नोंदी त्यात असतील, तिला किती झोप मिळतेय ते त्यांना त्यावरून लगेच कळेल.